खापरावरचा पहिला मांडा

माझ्या देराणीचे दंड बघितले की माझ्या पोटात दुखायला लागतं. सरळच सांगून टाकते, उगाच गोड गोड बोलायची मला सवय नाही. देराणी म्हणजे माझी धाकटी जाऊ. वयाने माझ्याहून बरीच लहान, माहेर पिंपळनेरचं, आणि दोन वर्षांपासून रोज सकाळी जिमला जाते. धुळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी जिम निघालं, तेव्हा सगळ्यात आधी नाव हिनेच घातलं. पंजाबी ड्रेसवर बूट घालून स्कूटीवरून जाते आणि गळ्यातल्या टॉवेलने घाम पुसत परत येते. भरलेलं सिलेंडर कडीला धरून उचलते आणि ओट्याखाली नेऊन ठेवते, बापई माणसांना हाकसुद्धा मारत नाही. वर मला म्हणते, "अक्का, सरका जरा." मी सरकते. दुसरं करणार काय?

पण एका गोष्टीत ती माझ्या जवळपासही येत नव्हती, आणि त्यावर मी बरीच वर्षं काढली. ती गोष्ट म्हणजे मांडे.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे सणाची पुरणपोळी पोळपाटावर लाटून तव्यावर टाकली की झाली, असं नसतं. चूल पेटवायची, तिच्यावर खापर पालथं घालायचं. खापर म्हणजे मातीचं मोठं, गोल बुडाचं भांडं. वस्त्रगाळ पिठाची कणीक मिठाच्या पाण्याचा हात लावून लावून इतकी मळायची, आपटायची, की ती रबरासारखी ताणली पाहिजे. पुरण भरलेली जाडसर पोळी आधी थोडी लाटायची, मग दोन्ही हातांवर घ्यायची आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरवत फिरवत मोठी करत जायची. बघता बघता ती कोपरापर्यंत येते. तेव्हा हात खाली गेले की फाटली, घाई केली की फाटली. समोर खापर धगधगतंय, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि तुम्ही हात पुढे धरून उभ्या. मग अलगद ती खापरावर पसरायची. एक झाला की दुसरा. घरात माणसं असतील तेवढे.

माझं माहेर धरणगावकडचं. तिकडे मुलीला मांडे येतात का, हे पाहायला आलेले लोक विचारायचे. मला यायचे. लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापर माझं झालं, ते आजवर माझंच. देराणी आली तेव्हा तिला साधी पुरणपोळी यायची. शिकवायचं माझ्या मनात कधी आलंच नाही. खापर तापलं की मी तिला दुसऱ्या कामाला लावायची. आंबे पिळ, कुरडया तळ, पाहुण्यांना पाणी दे. ती बिचारी करायची. बिचारी म्हणते खरी, पण कुरडया तळता तळता तिचे डोळे माझ्या हातांवर असायचे, हे मला दिसायचं. मी जरा पाठ फिरवून उभी राहायची.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना माझा पाय घसरला. सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात बघून मला रडूच आलं. वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता मेला. चहाचा कप धरवेना, वेणी घालवेना. वेणी कोण घालायचं? देराणी. तिच्या बोटांत इतका जोर की माझं डोकं मागे ओढलं जायचं. मुद्दाम करत असेल असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगू का, अजूनही थोडं वाटतं.

साधी आखाजी असती तर मी एक वर्ष सोडून दिलं असतं. पण यंदा माझ्या मुलीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. जळगावला दिलीय तिला. आमच्याकडे सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, झोका बांधतात, गाणी म्हणतात. जावईही पहिल्यांदाच सणाला येणार होते. आणि लग्नाच्या बोलण्यात मी विहीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे मांडे माझ्या हातचे असतात. आता त्यांच्या मुलासमोर खापरापाशी दुसरी बाई उभी राहणार? माझ्या लेकीच्या ताटात माझ्या देराणीच्या हातचं पडणार? नुसत्या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचे हे दुकानातून जेवायला आले की समजूत घालायचे. "तुना हात बरा नही शे. धाकलीले करू दे ना यंदा, बठ्ठं जमी जाई तिले." धाकलीला सगळं जमतं म्हणे! मी भाजीचं पातेलं त्यांच्यासमोर असं आदळलं की डाव्या हाताने आदळूनही शेजारपर्यंत ऐकू गेलं.

डॉक्टरांनी व्यायामासाठी एका फिजिओ मॅडमकडे पाठवलं. आग्रा रोडच्या पलीकडे तिचा छोटासा दवाखाना. मुलगीच होती वयाने, बोलायला गोड. पण मला तिथे नेणार कोण? हे दुकानात, दीर ऑफिसात. म्हणजे देराणीच्या स्कूटीवर मागे बसून जायचं. मी तिच्या खांद्याला धरायचं टाळायची आणि मागचा दांडा डाव्या हाताने धरून बसायची.

पहिल्या दिवशी मॅडमने माझ्या हातात एक यंत्र दिलं. दोन दांड्या, त्या मुठीत धरून दाबायच्या, वरच्या तबकडीवर काटा फिरतो. "जेवढा जोर असेल तेवढा लावा, काकू." मी दात-ओठ खाऊन दाबलं. काटा आठ किलोवर जाऊन थांबला. मॅडम म्हणाली ठीक आहे, सुरुवातीला एवढंच असतं. मग तिने डावा हात बघितला. तो बराच बरा निघाला. तेवढ्यावर थांबायचं ना? पण कोपऱ्यातल्या खुर्चीत देराणी मान लांब करून बघत होती. मॅडम हसून तिला म्हणाली, "तुम्ही बघता का दाबून?"

बघते म्हणाली. बसल्या बसल्या, पर्ससुद्धा मांडीवरून खाली न ठेवता, तिने एका हाताने ते दाबलं. काटा तिशी ओलांडून पुढे गेला. मॅडमच्या तोंडून "अरे वा!" निघालं. देराणी लाजल्यासारखं करून म्हणाली, "जिमचं आहे हो ते, काही विशेष नाही." अगं, विशेष नाही तर दाबायला गेलीस कशाला?

मग मॅडमने मला समजावलं. एकदा जोर लावून किती दाबता किंवा उचलता, ती ताकद. आणि हलकंच वजन पण किती वेळ धरून ठेवता, तो टिकाव. दोन्ही वेगवेगळं मोजायचं, दोन्ही वेगवेगळं वाढवायचं. तुम्हाला हाताने नेमकं काय करायचंय, असं तिने विचारलं. मी मांड्यांचं सांगितलं, हात पुढे धरून दाखवलेही. ती मूळची नाशिककडची, तिने कधी बघितले नव्हते. ती म्हणाली, "मग तुम्हाला टिकाव हवा. आखाजीच्या आधी मी तपासते, आणि त्यात जमलं तरच खापराला हात लावायचा. कबूल?" मी कबूल म्हटलं. साक्षीला देराणी होतीच.

त्या दिवसापासून मी स्पंजचा चेंडू हातातून सोडला नाही. टीव्ही बघताना दाबायची, भाजीवाल्याशी घासाघीस करताना दाबायची. वाळूची छोटी पिशवी मनगटाला बांधून हात पुढे धरायची आणि फोनवर वेळ बघायची. अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत आग व्हायची. देराणी येता-जाता म्हणायची, "अक्का, दमानं घ्या." दमानं घ्या म्हणे. मी दमाने घेतलं की ही खापर उचलून स्वतःच्या चुलीवर ठेवेल!

एका दुपारी पापड बघायला गच्चीवर गेले तर ही तिथे. ओला टॉवेल दोन्ही हातांवर पसरून एका हातावरून दुसऱ्या हातावर गोल गोल फिरवत होती, तोंडाने काहीतरी मोजत. मला बघून एकदम थांबली. "खांद्याचा व्यायाम आहे," म्हणाली. मी मनात म्हटलं, जिमचं काहीतरी नवं खूळ. कपाळाला आठ्या घालून खाली आले.

आखाजीच्या दोन दिवस आधी तपासणी होती. काटा आता चौदावर आला. मॅडम खूश. मग टिकाव. हाताला वाळूची पिशवी बांधून दोन्ही हात समोर धरायचे, मॅडम थांबा म्हणेपर्यंत. "दुखलं की लगेच सांगा हं, काकू. ओढून-ताणून करायचं नाही." देराणी समोरच्या खुर्चीत बसली होती. फोन बघ म्हणावं, मासिक चाळ म्हणावं, पण नाही, माझ्याकडेच बघत होती. थोड्या वेळाने हाताला मुंग्या आल्या. मग कळ सुरू झाली. मग ती कळ इतकी वाढली की समोरच्या भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता धूसर दिसायला लागला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात देराणी खुर्चीतून किंचित पुढे झुकली. मी तोंड मिटलं.

"थांबा," मॅडम म्हणाली. "वा काकू! दुखलं?"

"छे!"

परत येताना सिग्नलला स्कूटी थांबली तेव्हा देराणी मागे न बघता म्हणाली, "अक्का, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"पंख्याचं वारं लागलं," मी म्हटलं. सिग्नल सुटला आणि तिने स्कूटी पुढे काढली. घरी आल्यावर सगळ्यांना मीच सांगितलं, मॅडमने पास केलं म्हणून. देराणी तिथेच उभी होती. तिने फक्त माझ्यापुढे पाण्याचा ग्लास केला. तो मी डाव्या हाताने घेतला, आणि तेही तिने बघितलं.

आखाजीच्या सकाळी लेक आणि जावई पुढच्या खोलीत गप्पा मारत बसले होते. मागच्या अंगणात चूल पेटली. कणीक मळायला मात्र माझा हात चालेना. मी मन मोठं केल्यासारखं दाखवून म्हटलं, "कणीक तू मळ. खापराचं मी बघते." तिने ती अशी मळली, परातीत अशी आपटली की कणीक हातात घेतल्यावर मला बोलायला जागाच उरली नाही. मी तरी म्हटलंच, "मीठ जरा कमी वाटतंय." ती हो म्हणाली.

मी पहिला मांडा हातावर घेतला. सुरुवातीला छान वाटलं. हात विसरला नव्हता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मांडा पसरत चालला, पुरण आतून सोनेरी दिसायला लागलं. मनात म्हटलं, बघ आता, बघ. कोपराच्या अलीकडे आला आणि मनगटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. तो हात माझा नाहीच असं वाटलं. उजवी बाजू खाली जायला लागली. मांडा त्या बाजूला ओघळायला लागला, पातळ होत होत, आता फाटणार, आता मातीत पडणार. मला ओरडताही येईना, कारण ओरडले असते तर पुढच्या खोलीतून सगळे धावत आले असते.

देराणी कुरडया तळत होती. तिचा झारा खाली पडल्याचा आवाज आला आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांच्या खालून आत शिरले. माझ्या हातांना तिचे दंड लागले, गरम आणि टणक. "सोडा अक्का, घेतला मी." मी हात हळूच मागे ओढून घेतले. मांडा तिच्या हातांवर गेला. तिने तो एकदा फिरवला, दोनदा फिरवला, आणि खापरावर असा अलगद टाकला की एक सुरकुती पडली नाही. टॉवेल फिरवावा तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, गच्चीवर ही कसला व्यायाम करत होती ते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमचं प्लास्टर असल्यापासून. म्हटलं, लागलं तर असावं."

लागलं तर असावं! मला वाटलं चिमटा तिच्या डोक्यात घालावा. पण त्यासाठीही हातात जोर नको का? मी पाटावर बसले आणि उतरलेल्या मांड्यांच्या घड्या घालून तूप सोडत राहिले. ती करत गेली. एकही फाटला नाही. मी प्रत्येक मांड्यावर डोळे लावून बसले होते, एक तरी फाटावा म्हणून. लेकीच्या पहिल्या आखाजीला देवाकडे मी काय मागत होते बघा.

ताटं मात्र मीच वाढली. जावयांनी दोन मांडे खाल्ले, तिसऱ्याला नाही म्हणाले आणि खाल्ला. ह्यांनी "भारी शे!" म्हटलं. आणि माझी लेक आमरसात बोट बुडवून म्हणाली, "आई, यंदा मांडे किती पातळ झालेत गं! इतके पातळ कधीच झाले नव्हते."

सगळे माझ्याकडे बघत होते. दारात देराणी, हातात गरम मांड्याचं ताट, केसांना राख लागलेली, तोंड धगीने लाल झालेलं. एवढा वेळ होता माझ्याकडे की मी पाच वेळा खरं बोलू शकले असते.

"हात बरा झाला ना," मी म्हटलं. "व्यायाम करून जोर आलाय."

मला वाटलं, आता ही बोलेल. मी असते तर बोलले असते. ती ताट खाली ठेवत म्हणाली, "अक्कांनी लेकीसाठी खास केलेत." आणि मागे निघून गेली. माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. दंड तिचे, मांडे तिचे, आणि एवढा मोठेपणाही तिलाच सुचावा! माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही गं बाई?

दुसऱ्या दिवशी जावई जळगावला परत गेले, लेक राहिली. दुपारी पंख्याखाली ती माझ्या हाताला तेल चोळायला बसली. चोळता चोळता थांबली आणि तिने तिचा पंजा माझ्या हातात दिला.

"दाब."

"कशाला?"

"दाब ना आई. बघू दे किती जोर आलाय ते."

मी दाबला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "दाब की."

"दाबतेच आहे," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "फक्त पहिला तुझा होता ना? त्याची कड जाड होती. तुझी कड नेहमी जाड राहते, मला ती आवडते. म्हणून काकूने तोच माझ्यासाठी चळतीत सगळ्यात वर ठेवला होता. बाकीचे तिचे होते."

"मग कालच का नाही बोललीस?"

"तू नाव घेतलंस ना स्वतःचं. सगळ्यांसमोर कशी बोलणार?"

माझे डोळे भरून आले. कड आवडते म्हणाली, त्याने आले होते. तेवढ्यावर गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव मेला.

"आणि पातळ झालेत म्हणालीस," मी विचारलं, "ते कुठले?"

लेकीने मान खाली घातली. माझ्या मनगटावरून तेलाचं बोट फिरवत राहिली.

"बाकीचे, आई."

आत देराणी कुणाशी तरी फोनवर बोलत हसत होती. मी लेकीचा हात सोडला नाही. घट्ट धरला, जेवढा धरता आला तेवढा.

"थांब," मी म्हटलं. "पुन्हा दाबते. आता सांग."